शेतातील व विहिरीतील दगड कसे ओळखावेत

शेतकऱ्याच्या दृष्टीने दगड म्हणजे नांगराचा फाळ बोथट करणारी व बांधावर वेचून टाकावयाची वस्तू होय. विहीर खणताना निघणारा दगड तर केवळ उपसावयाचा, वाहून न्यावयाचा आणि त्याची मजुरी मोजावयाची, एवढाच त्याच्याशी संबंध येतो. परंतु हाच दगड त्या जमिनीविषयीची कितीतरी माहिती आपल्यापाशी बाळगून असतो. जमिनीत चुना किती आहे, खाली मुरूम आहे की कठीण पाषाण, आणि निचरा कसा होईल, याची पहिली खूण दगडातच सापडते. ती वाचता आली नाही तर संत्र्याची बाग चुनखडीवर लावली जाते आणि पाच-सहा वर्षांनी, झाडे पिवळी पडू लागल्यावर, चूक ध्यानात येते. तोपर्यंत रोपांचा, खताचा व पाण्याचा खर्च होऊन गेलेला असतो.

दगडांची प्राथमिक ओळख करून घेण्यास प्रयोगशाळा लागत नाही. खिशातील चाकू, लिंबाची एक फोड आणि थोडी चौकस नजर एवढ्यावर गावपातळीवरील कार्यकर्त्यास व शेतकऱ्यास पुष्कळ काम करता येते. त्याची रीत येथे दिली आहे.

१. आपल्या पायाखालचा खडक

महाराष्ट्राचे चार-पंचमांशाहून अधिक क्षेत्र काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसाल्ट खडकाने, व्यापलेले आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीस लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त लाव्हारस बाहेर आला. तो एकदाच आला असे नव्हे; एक थर निवाला की काही काळाने त्यावर दुसरा पसरला. अशा थरांवर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. आजही या खडकाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश झाकलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या हे त्या थरांचेच दर्शन होय. कळसूबाईचे १,६४६ मीटर उंचीचे शिखरही याच थरांचे बनलेले आहे.

प्रत्येक थराचा खालचा व मधला भाग बहुधा घट्ट असतो. वरचा भाग मात्र सच्छिद्र असतो. कारण लाव्हारसातील वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर येतात आणि रस निवताना त्यांच्या पोकळ्या तशाच राहतात. पुढे या पोकळ्यांतून उष्ण पाणी फिरले. पाण्यात विरघळलेली द्रव्ये आतील भिंतींवर हळूहळू जमून त्यांचे स्फटिक बनले. विहिरीच्या उपशात काळ्या दगडाच्या पोटी जे पांढरे, गुलाबी अथवा हिरवट खडे चमकताना दिसतात, त्यांचा उगम हा असा आहे.

हाच काळा पाषाण ऊन, पाऊस व हवा यांच्या योगाने झिजतो. त्याची कांद्याच्या पापुद्र्यांसारखी साले सुटतात, त्यांचा मुरूम होतो आणि मुरमाची पुढे माती बनते. आपली काळी जमीन ही या पाषाणाचीच लेक आहे. तिच्यात चुना व मॅग्नेशियम भरपूर असण्याचे कारण मूळ दगडात शोधावे लागते.

२. जवळ बाळगावयाचे साहित्य

(अ) एक लहान हातोडी. (आ) पोलादी पात्याचा चाकू. (इ) काचेचा एक तुकडा, कडा घासून बोथट केलेला. (ई) चकाकी न दिलेल्या पांढऱ्या फरशीचा तुकडा, किंवा चिनी मातीच्या फरशीची मागील खरबरीत बाजू. (उ) लहान लोहचुंबक. (ऊ) एक लिंबू. (ए) वही, पेन्सिल व जुन्या वर्तमानपत्राचे कागद. बहिर्गोल भिंग मिळाल्यास उत्तम.

३. पाच कसोट्या

पहिली कसोटी ताज्या भंगाची. दगडाच्या बाहेरील पृष्ठभागावर कधीही भरवसा ठेवू नये. ऊनपावसाने त्याचा रंग पालटलेला असतो आणि मातीतील चुन्याचे पूट त्यावर चढलेले असते. दगड फोडून आतील बाजूच तपासावी. पुढील चारही कसोट्या ताज्या भंगावर करावयाच्या आहेत.

दुसरी कसोटी कठीणपणाची. जर्मन खनिजतज्ज्ञ फ्रीडरिख मोस यांनी १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाचे दहा क्रम ठरविले. त्यांत शंखजिऱ्याचा क्रम १ व हिऱ्याचा क्रम १० आहे. नखाचा कठीणपणा सुमारे २.५, तर चाकूचे पाते व साधी काच यांचा सुमारे ५.५ धरावा. नखाने ओरखडा उठला तर दगड अतिशय मऊ. नखाने न उठता चाकूने उठला तर मध्यम. चाकूने न उठता उलट दगडानेच काचेवर ओरखडा काढला तर कठीण समजावा. चाकूच्या पात्याचे लोखंडच दगडावर घासून काळसर रेघ उमटते, तिला ओरखडा समजण्याची चूक होते. म्हणून रेघेवर ओले बोट फिरवून पाहावे. ओरखडा असेल तर तो राहतो, लोखंडाची रेघ असेल तर ती पुसली जाते.

तिसरी कसोटी चुऱ्याच्या रंगाची. दगड खरबरीत फरशीवर घासून उमटणाऱ्या रेघेचा रंग पाहावा. दगडाचा रंग फसवा असतो, चुऱ्याचा रंग सहसा फसवीत नाही. काळा दिसणारा हेमॅटाइट हा लोहदगड तांबूस तपकिरी रेघ देतो, तर मॅग्नेटाइट काळी रेघ देतो व चुंबकाला चिकटतो.

चौथी कसोटी आम्लाची. दगडावर चाकूने खरडून थोडी भुकटी करावी व तिच्यावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकावे. बारीक बुडबुडे आले तर त्यात चुना आहे असे समजावे. लिंबाच्या रसाने बुडबुडे मंद येतात. म्हणून डोळा जवळ नेऊन, शक्य तर भिंगातून, पाहावे. विरल हायड्रोक्लोरिक आम्ल वापरल्यास फेस तात्काळ येतो. परंतु ते जाणकाराच्या देखरेखीखालीच वापरावे. विरल करताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कदापि ओतू नये.

पाचवी कसोटी वजनाची. सारख्या आकाराचे दोन दगड दोन हातांत घेऊन तोलावे. लोखंड अथवा मँगनीज असलेला दगड साध्या दगडापेक्षा लगेच जड लागतो.

४. पांढरे दगड तीन प्रकारचे

खेड्यात पांढऱ्या दगडास सरसकट ‘गार’ किंवा ‘गारगोटी’ म्हणण्याची वहिवाट आहे. पण त्या एका नावाखाली तीन निराळ्या वस्तू येतात आणि शेतीच्या दृष्टीने त्यांचा अर्थही निराळा आहे.

खरी गारगोटी. ही सिलिकाची बनलेली असते. स्फटिक, अकीक व चकमक ही तिचीच रूपे होत. हिचा कठीणपणा ७ असल्याने चाकूचा ओरखडा उठत नाही आणि काचेवर सहज ओरखडा निघतो. लिंबाच्या रसाचा परिणाम होत नाही. फुटल्यावर कडा धारदार निघतात. अकिकात वर्तुळाकार पट्टे दिसतात. गारगोटी झिजत नाही म्हणून ती मातीत जशीच्या तशी राहते. तिच्यापासून पिकास लाभ नाही व हानीही नाही. त्रास होतो तो केवळ औतांना.

चुनखडी व कॅल्साइट. या दोहोंत कॅल्शियम कार्बोनेट असते. चाकूने ओरखडा सहज उठतो आणि लिंबाच्या रसाने बुडबुडे येतात. कॅल्साइट खडकाच्या पोकळीत स्फटिकरूपाने सापडतो व फोडल्यास तिरप्या चौकोनी तुकड्यांत फुटतो. त्याचा स्वच्छ तुकडा छापील अक्षरांवर ठेवल्यास प्रत्येक अक्षर दुहेरी दिसते. चुनखडीचे खडे, म्हणजे कंकर, हे मात्र मातीतच तयार होतात. पाण्यात विरघळलेला चुना पाणी आटताना मातीत बसतो व मुगाच्या दाण्यापासून मुठीएवढे ओबडधोबड खडे बनतात. शेतकऱ्याने सर्वांत अधिक लक्ष द्यावयाचे ते या खड्यांकडे.

झिओलाइट व त्याच्या सोबतची खनिजे. काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत आढळणारा हा गट दिसावयास सर्वांत देखणा असतो. स्टिल्बाइटचे स्फटिक मधोमध बांधलेल्या पेंढीसारखे दिसतात व त्यांवर मोत्यासारखी झाक असते. स्कोलेसाइटच्या सुया एका बिंदूपासून पंख्यासारख्या पसरलेल्या असतात. ॲपोफिलाइट हा काटेकोरपणे झिओलाइट नव्हे, पण त्यांच्याच संगतीने सापडतो. त्याचे स्फटिक काचेसारखे स्वच्छ किंवा हिरवट असतात. या साऱ्यांवर चाकूने ओरखडा उठतो, कधी थोडा जोर लावावा लागतो. परंतु लिंबाच्या रसाने बुडबुडे येत नाहीत. हीच त्यांची कॅल्साइटपासून वेगळी खूण होय.

थोडक्यात असे: चाकू चालत नाही व बुडबुडे येत नाहीत ती गारगोटी, चाकू चालतो व बुडबुडे येतात तो चुना, चाकू चालतो पण बुडबुडे येत नाहीत तो बहुधा झिओलाइट गटातील दगड.

येथे एक सावधगिरी हवी. गारगोटीवर चुन्याचे पातळ पूट असेल तर वरून रस टाकल्यावर बुडबुडे येतात आणि गारगोटीला चुनखडी समजले जाते. ताज्या भंगावर पुन्हा तपासल्यास ही चूक टळते. मात्र असे पूट आढळले तर त्या मातीत चुना आहे, ही माहिती वहीत अवश्य नोंदवावी.

५. कंकर आणि फळबाग

वरच्या मातीत थोडे कंकर असणे ही काळ्या जमिनीत नित्याची गोष्ट आहे. ज्वारी, कापूस यांसारखी पिके अशा जमिनीत येतात. परंतु चुन्याचे प्रमाण वाढले म्हणजे जमिनीत लोह असूनही ते मुळांना मिळेनासे होते. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी यास केवडा पडणे म्हणतात. स्फुरदही चुन्याशी संयोग पावून अडकून बसते. भुईमूग, ऊस, संत्रा, मोसंबी व द्राक्षे यांना ही बाधा विशेष जाणवते. हंगामी पिकाचे नुकसान एका हंगामाचे असते. फळझाडाचे नुकसान मात्र अनेक वर्षांचे असते.

म्हणून बाग लावण्यापूर्वी शेतात निरनिराळ्या तीन-चार ठिकाणी किमान एक मीटर खोल खड्डे घ्यावे. खड्ड्याच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत दर वीतभर अंतरावर लिंबाचा रस टाकून पाहावा आणि कंकर कोणत्या खोलीवर सुरू होतो ते नोंदवावे. पृष्ठभागावर एकही खडा नसून हातभर खाली चुनखडीचा सलग थर लागणे अशक्य नाही. असा थर मुळांना खाली जाऊ देत नाही व पाण्याचा निचराही अडवितो.

लिंबाच्या रसाने चुना आहे की नाही एवढे कळते. किती आहे ते कळत नाही. तेवढ्यासाठी प्रत्येक थरातील मातीचा वेगळा नमुना मृदचाचणी प्रयोगशाळेकडे पाठवून मुक्त चुन्याचे प्रमाण काढून घ्यावे. हे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असलेली जमीन संत्र्यासाठी निवडू नये, अशी शिफारस आहे. बाग आधीच लावलेली असेल तर हिराकस नुसते मातीत टाकल्याने फारसा उपयोग होत नाही, कारण चुन्यामुळे त्यातील लोह लवकरच पुन्हा अडकते. ते शेणखतात मुरवून देणे अथवा त्याची योग्य प्रमाणात फवारणी करणे हितकर ठरते. प्रमाण कृषि विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे ठेवावे.

आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. चोपण जमीन सुधारण्यासाठी जिप्सम सुचविले जाते; त्याऐवजी चुनखडीची भुकटी चालेल असे नाही. चोपण जमिनीत चुनखडी विरघळत नाही, म्हणून तिचा उपयोग होत नाही. जिप्समचा खडा नखाने ओरखडला जातो व लिंबाच्या रसाने फसफसत नाही. पोत्यातील भुकटी चांगली फसफसली तर तीत चुनखडीची भेसळ असण्याचा संभव आहे, असे समजून ती तपासून घ्यावी.

६. विहिरीतील दगडाचा अर्थ

विहिरीत माती, मुरूम, सच्छिद्र खडक व घट्ट काळा पाषाण असे थर सामान्यतः लागतात. पांढऱ्या ठिपक्यांच्या, पोकळ्या भरलेल्या खडकास अनेक ठिकाणी मांजऱ्या म्हणतात. दोन लाव्हाथरांच्या मध्ये कधी विटेच्या रंगाचा मऊ तांबडा थर लागतो.

पोकळ्यांत सुंदर स्फटिक निघाले म्हणजे आता पाणी जवळ आले, असे समजणे बरोबर नाही. स्फटिक घडविणारे पाणी कोट्यवधी वर्षांपूर्वीचे होते. उलट स्फटिकांनी पोकळ्या गच्च भरल्या असतील तर पाणी साठण्यास जागाच उरत नाही. पाणी मिळते ते झिजलेल्या मुरमात, रिकाम्या व एकमेकींस जोडलेल्या पोकळ्यांत आणि खडकाच्या भेगांत. तांबडा थर बहुधा पाणी खाली जाऊ देत नाही. म्हणून त्याच्या लगत वरच्या बाजूस पाझर दिसतो का हे पाहावे. घट्ट पाषाणात भेगा नसतील तर कितीही खोल गेले तरी पाण्याची शाश्वती नसते.

यासाठी प्रत्येक विहिरीच्या कामावर थराची खोली, दगडाचा प्रकार, भेगा व पाझर यांची नोंद ठेवावी. गावातील दहा विहिरींच्या अशा नोंदी एकत्र केल्यास अकराव्या विहिरीचा निर्णय अधिक विचाराने घेता येतो. कर्ज काढून विहीर खोल करण्यापूर्वी या नोंदी घेऊन भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्यावा.

झिओलाइटविषयी एक गोष्ट सांगणे जरूर आहे. अमोनियम व पोटॅशियम धरून ठेवण्याचा गुण त्यात असल्याने ते जमीन सुधारक म्हणून विकले जाते. परंतु त्यासाठी मुख्यतः वापरले जाणारे क्लिनोप्टिलोलाइट हे ज्वालामुखीच्या राखेच्या थरांपासून बनलेले असते. विहिरीतील चार टोपल्या स्फटिक कुटून शेतात टाकण्याने पिकास काही लाभ होईल अशी अपेक्षा धरू नये. ते जपून ठेवावे, हेच बरे.

७. कोकण व पूर्व विदर्भ

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत जांभा दगड विपुल आहे. तो तांबडा, छिद्रांचा व लोह आणि ॲल्युमिनियम यांनी युक्त असतो. खाणीतून काढताना तो मऊ असतो व उघड्यावर कठीण होतो, म्हणून त्याचे चिरे पाडणे सोपे जाते. लिंबाच्या रसाने तो फसफसत नाही. कारण अतिपावसाने त्यातील चुना केव्हाच वाहून गेला आहे. येथील माती आम्लधर्मी असते. देशावरच्या शेतकऱ्यास चुना अधिक असल्याची चिंता, तर कोकणातील शेतकऱ्यास तो कमी असल्याची.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या भागांत बेसाल्टहून पुष्कळ जुने खडक आढळतात. तेथे मँगनीजचा काळा, जड व हात काळे करणारा दगड मिळतो. भंडारा जिल्ह्यातील कायनाइटच्या निळसर पट्ट्या ओळखण्याची खूण मोठी गमतीची आहे. लांबीच्या दिशेने चाकूचा ओरखडा उठतो, आडव्या दिशेने मात्र उठत नाही.

८. चकाकणारे सारे सोने नव्हे

ओढ्याच्या वाळूत चमचमणारे सोनेरी कण बहुधा झिजलेल्या अभ्रकाचे असतात. सुईने टोचल्यास त्यांचे पापुद्रे सुटतात. पितळेसारखा चमकणारा जड दगड पायराइट असण्याचा संभव असतो. हातोडीने ठोकल्यास त्याचा चुरा होतो व फरशीवर हिरवट काळी रेघ उमटते. सोने ठोकल्याने चपटे होते, त्याचा चुरा होत नाही, आणि त्याची रेघ पिवळीच उमटते. शेतात धन सापडल्याची लालूच दाखवून पैसे उकळणाऱ्यांपासून ही एवढी माहितीही शेतकऱ्याचे रक्षण करू शकेल.

अकिकाची बारीक, धारदार पाती एकाच जागी पुष्कळ सापडली तर ती निसर्गाने घडविलेली नसून प्राचीन मानवाची हत्यारे असू शकतात. नेवासे, जोर्वे व इनामगाव येथील उत्खननांत अशी दगडी पाती मिळाली आहेत. ती जागा न उकरता पुरातत्त्व खात्यास कळवावे.

९. गावाचा संग्रह

प्रत्येक नमुना मुठीएवढा घ्यावा. त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन क्रमांक घालावा आणि वहीत त्याच क्रमांकापुढे गाव, गट क्रमांक, खोली, तारीख व पाच कसोट्यांचे निष्कर्ष लिहावे. कोठून आणला हे ठाऊक नसलेला दगड कितीही सुंदर असला तरी अभ्यासाच्या दृष्टीने निरुपयोगी होय. असा संग्रह शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवल्यास मुलांनाही त्याचा लाभ होईल. सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयात महाराष्ट्रातील खनिजांचे उत्तम नमुने पाहावयास मिळतात. शक्य असेल तेव्हा तेथे सहल न्यावी.

दगड फोडताना डोळ्यांवर चष्मा लावावा व मुलांना दूर ठेवावे. सुरुंग उडविल्यानंतर लगेच विहिरीत उतरू नये. खाणीच्या कड्याखाली उभे राहू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ अन्वये खनिजांवरील हक्क शासनाचा आहे. म्हणून परवानगीवाचून विक्रीसाठी खनिज काढू नये.

येत्या हंगामात नांगरट करताना अथवा विहिरीचा उपसा टाकताना पांढरा दगड दिसला तर तो बांधावर भिरकावण्यापूर्वी फोडून पाहावा, चाकू लावावा व त्यावर लिंबू पिळावे. जमिनीची परीक्षा मातीपासून सुरू होते असे आपण म्हणतो. वास्तविक ती दगडापासून सुरू झाली पाहिजे, कारण मातीची आई तोच आहे.